घरात चुंबक आणायचा नाही

इतर घरांत नव्या सुनेला काय काय नियम सांगतात कोण जाणे. या घरात तिला एकच सांगण्यात आला. घरात चुंबक आणायचा नाही.

सांगणारे होते तिचे सासरे, घड्याळजी. घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान होतं. भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं, काचेखाली सुटी करून ठेवलेली घड्याळं, आणि मधोमध टेबलाशी डोळ्याला भिंग लावून बसलेले मामंजी. नियम सांगून ते थांबले नाहीत, त्यांनी सुनेला कारणही दाखवलं. एक मनगटी घड्याळ उघडून तिच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "ही बघ बालकमानी. केसाएवढी बारीक. हिचे वेढे सुटे असतात म्हणून घड्याळ श्वास घेतं. चुंबक लागला की वेढे एकमेकांना चिकटतात, कमानी आखूड झाल्यासारखी होते, आणि घड्याळ धावत सुटतं. समजलं?"

सूनबाईला समजलं होतंच, कारण ती शाळेत विज्ञान शिकवायची. तिला हसू आलं होतं, पण नव्या सुनेनं कुठे हसावं आणि कुठे हसू नये एवढी अक्कल तिला होती. ती म्हणाली, "समजलं, मामंजी." आणि तिनं तो नियम डोळ्यात तेल घालून पाळला. फ्रिजच्या दारावर चिकटवायचं फुलपाखरू कुणी भेट दिलं, ते तिनं परस्पर शेजारणीला देऊन टाकलं. पर्सचं बटण चुंबकाचं निघालं, तर पर्स बदलली.

घरात सांगितलेला नव्हे, पण पाळला जाणारा आणखी एक रिवाज होता. वेळ विचारायची ती मामंजींना. भिंतीवरची घड्याळं दुरुस्तीची, त्यामुळे प्रत्येक घड्याळ आपलंच खरं करायचं. खरं घड्याळ एकच. सासूबाईंचं. त्या आता नव्हत्या, पण त्यांचं छोटं मनगटी घड्याळ होतं. हेच बंद पडलेलं घड्याळ घेऊन त्या तरुणपणी या दुकानाच्या पायरीवर आल्या होत्या, आणि दुरुस्त झाल्यावरही काही ना काही कारण काढून पुन्हा पुन्हा येत राहिल्या होत्या. मामंजी दिवसभर ते खिशात बाळगायचे, रात्री जेवणघरातल्या खिळ्याला अडकवायचे आणि सकाळी किल्ली द्यायचे. मोबाइल सगळ्यांकडे होते. पण सूनबाईच्या नवऱ्यानं एकदा मोबाइल बघून वेळ सांगितली, तेव्हा मामंजी म्हणाले होते, "त्याला काय कळतं? तो दुसऱ्या कुणाला तरी विचारून सांगतो." तेव्हापासून घरात मोबाइलवर वेळ बघायची ती मामंजींकडे पाठ फिरवून.

तर अशा घरात सूनबाईनं चुंबक आणला.

आणावा लागला. सहावीच्या वर्गाला चुंबक शिकवायचा होता आणि सूनबाईचा स्वतःचाही एक नियम होता. जो प्रयोग स्वतः करून पाहिला नाही, तो मुलांपुढे करायचा नाही. सुरुवातीच्या दिवसांत एकदा पुस्तकावर विश्वास ठेवून तिनं काहीतरी करायला घेतलं होतं आणि भर वर्गात तिची फजिती झाली होती. तेव्हापासून कानाला खडा. शाळेतले पट्टीचुंबक तर इतके म्हातारे झाले होते की टाचणीसुद्धा त्यांच्याकडे विचार करून जायची. म्हणून तिनं लाउडस्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडून जाडजूड कडीसारखा एक चुंबक मिळवला होता. रविवारी शाळेला कुलूप. मामंजी आणि नवरा कुणाच्या तरी भेटीला बाहेर. मग काय, सूनबाईनं जेवणघराचं दार लावून घेतलं.

एका कागदाखाली चुंबक ठेवून वरून तिनं लोखंडाचा कीस भुरभुरवला. कागदाला टिचकी मारली. कीस जागचा उठला, वळला आणि रांगा लावून उभा राहिला. कडीच्या भोवती कमानीमागे कमानी. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट आपल्या जेवणाच्या टेबलावर हजर झालेली बघून तिला शाळकरी पोरीसारखा आनंद झाला. त्या आनंदात तिनं कागद उचलला, तो फाटला आणि सगळा कीस चुंबकावर. चुंबकाला चांगली दाढी उगवली. पुसली तर निघेना, ओढली तर बोटांना चिकटेना, पुन्हा चुंबकाला चिकटे. ती दाढी चिमटीनं उपटता उपटता तिची संध्याकाळ गेली. टेबल पुसून झालं, तोवर बाहेर पावलं वाजली. तिनं चुंबक शाळेच्या पिशवीत कोंबला आणि पिशवी दिसेल त्या फळीवर ठेवून दिली.

सकाळी ती पाणी प्यायला आली आणि जागच्या जागी थिजली. फळी होती ती नेमकी त्या खिळ्याखालची. रात्रभर सरळ लोंबायचं ते घड्याळ पिशवीच्या अंगाला जाऊन चिकटलं होतं, एखादं लेकरू आईच्या कुशीत शिरावं तसं.

तिनं ते हळूच सोडवलं, पिशवी उचलली आणि मागचं दार उघडून थेट अंगणातल्या टोपलीखाली ठेवली. घड्याळ कानाला लावलं. टिकटिक चालू होती. चालू आहे म्हणजे झालं, असं तिनं स्वतःला समजावलं. पण टिकटिक नेहमीपेक्षा जराशी लगबगीची वाटली. ते कदाचित तिचं काळीज असेल.

घड्याळच होतं.

त्या दिवशी मामंजींनी चहा लवकर मागितला. दुसऱ्या दिवशी त्याहून लवकर. नवऱ्याला छापखान्यात जायचं असायचं. मामंजी खिशातलं घड्याळ बघून म्हणायचे, "अरे, निघाला नाहीस अजून?" आणि तो मुकाट्यानं निघायचा. छापखान्याचं दार उघडायच्या आधी तो पायरीवर बसून राहायचा. मालकानं त्याला दोनदा शाबासकी दिली. सूनबाई शाळेत पोचायची तेव्हा शिपाईकाका अजून वर्ग झाडत असायचे. जेवणं इतक्या लवकर उरकायला लागली की दुपारी पुन्हा भूक लागावी. संध्याकाळी उन्हं अंगणात असतानाच मामंजी अंथरुणावर.

गंमत म्हणजे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. नवरा मोरीत जाऊन मोबाइल बघायचा. सूनबाई कपाटाच्या दाराआड बघायची. एकदा दोघांची नजरानजर झाली.

"तूच सांग बाबांना," नवरा कुजबुजला.

"मी का? वडील तुमचे."

"माझे वडील, पण घड्याळ आईचं. मी कसं सांगू की आईचं घड्याळ चुकतंय?"

सूनबाईनं कपाटाचं दार लावून घेतलं. घड्याळ चुकत नव्हतं, ते तिनं चुकवलं होतं. सासूबाईंची एकच जितीजागती खूण, आणि तिला आपण रोग लावला. हे सांगायचं कोणत्या तोंडानं? मामंजी ओरडले तर एक वेळ चालेल. पण ओरडले नाहीत, नुसते गप्प झाले, तर? तिनं ठरवलं, आज नको, उद्या सांगू. उद्याही तिनं हेच ठरवलं.

एक प्रश्न मात्र तिला सुटत नव्हता. मामंजींच्या हे लक्षात कसं येत नाही? बाहेरून आलेलं प्रत्येक घड्याळ ते आधी टेबलावरच्या होकायंत्रावरून फिरवायचे. सुई हलली तर म्हणायचे, "चुंबक लागलाय," आणि डब्यातलं यंत्र काढून तो उतरवून टाकायचे. मग या घड्याळाचं का करत नाहीत?

विचार करता करता तिला उत्तर सापडलं आणि सापडल्यावर आणखीच वाईट वाटलं. होकायंत्र होतं ते बाहेरच्या घड्याळांसाठी. हे घड्याळ घराबाहेर राहतच नव्हतं, आणि घरात तर चुंबकाला बंदी होती. ज्या घरात चुंबक नाही त्या घरातल्या घड्याळाला चुंबक लागेलच कसा? मामंजींचा आपल्या नियमावर विश्वास होता. म्हणजेच, सुनेवर.

बुधवारी ती शाळेतून आली तर दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत दिवा लावून मामंजी बसले होते. पुढ्यात सासूबाईंचं घड्याळ उघडं. भिंग डोळ्याला, चिमटा हातात. त्यांना ठाऊक होतं तर! त्यांनी एक चाक उचललं, बघितलं, ठेवलं. दुसरं उचललं. मग भिंग काढून डोळे चोळले. पुन्हा भिंग लावलं. तेवढ्यात चिमट्यातून काहीतरी निसटलं आणि टिणकन आवाज झाला. मामंजी गुडघ्यांवर बसून लाकडी फळ्यांची जमीन चाचपायला लागले.

ती आत गेली. "काय शोधताय, मामंजी?"

"स्क्रू पडला." त्यांनी मान वर केली नाही. "या हातातून कधी स्क्रू पडला नव्हता, सूनबाई. उभ्या जन्मात नाही."

तिनं शोधायला मदत केली. स्क्रू तिळाएवढा, फळ्यांच्या फटी जुन्या, दिव्याचा उजेड पिवळा. सापडला नाही. शेवटी मामंजींनी डबीतला दुसरा स्क्रू लावला आणि घड्याळ मिटवून खिशात टाकलं. बाहेर गजराचं घड्याळ घेऊन एक बाई उभी होती. तिला ते म्हणाले, "आज नको. नंतर या."

गुरुवारी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "महिनाअखेर दुकान बंद करतो."

नवऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला. "का हो, बाबा?"

"पुरे झालं आता. घड्याळं कोण वापरतं हल्ली?" ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "टेबल काढलं की ती खोली तुम्हाला होईल. सूनबाईला वह्या तपासायला बसता येईल उजेडात."

सूनबाईला सगळं कळलं. घड्याळात दोष सापडत नाही, म्हणून मामंजींनी दोष स्वतःत शोधला होता. डोळे गेले, हात गेले, असा निकाल लावून ते मोकळे झाले होते. आणि हे सगळं एका पिशवीपायी. नाही, पिशवीपायी नाही. आपल्या तोंडाला लावलेल्या कुलपापायी.

जेवण होताच ती मनाचा हिय्या करून त्यांच्या खोलीशी गेली. "मामंजी, एक सांगायचं होतं."

"उद्या सांग हं," आतून आवाज आला. "फार उशीर झालाय."

बाहेर अजून पोरं खेळत होती.

शुक्रवारी चुंबकाचा तास. सकाळीच सांगून टाकायचं असं तिनं ठरवलं होतं, पण मामंजी तिच्याआधीच उठून अंघोळीला गेले होते आणि तिला निघावं लागलं. टोपलीखालून चुंबक काढून तिनं पिशवीत टाकला. आज घरी गेल्यावर पहिलं काम हेच, पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आधी.

वर्गात मात्र ती सगळं विसरली. तिचा स्वभावच तसा होता. फळ्यापाशी उभी राहिली की तिचं घर घरीच राहायचं. तिनं मुलांचे गट पाडले. प्रत्येक गटाला एक छोटं होकायंत्र आणि कागदात गुंडाळलेल्या दोन पट्ट्या दिल्या. एक साध्या लोखंडाची, एक चुंबकाची. जुने पट्टीचुंबक तिनं मोठ्या चुंबकावर एकाच दिशेनं घासून पुन्हा तरणेताठे केले होते.

"कागद फाडायचा नाही," ती म्हणाली. "दोन पट्ट्यांतला चुंबक कोणता ते शोधायचं."

"सोप्पंय बाई," मागच्या बाकावरून आवाज आला. "होकायंत्राची सुई ज्याच्याकडे जाईल तो चुंबक."

"बघ बरं करून."

सुई दोन्ही पट्ट्यांकडे गेली. वर्गात गोंधळ उडाला. एक गट म्हणे दोन्ही चुंबक, दुसरा म्हणे बाईंनीच फसवलं. दोघांनी तर कागदाला नख लावून पाहिलं. पहिल्या बाकावर एक मुलगी होती. तिचं खरं नाव हजेरीतच राहिलं होतं, सगळी शाळा तिला चौकशी म्हणायची. ती कुणाशी न बोलता पट्टी उलटसुलट करून बघत होती. अचानक ती ओरडली, "पळाली!"

"कोण पळाली?"

"सुई, बाई! या पट्टीचं हे टोक आणलं की सुईचं लाल टोक जवळ येतं. उलटं टोक आणलं की लाल टोक पळून जातं. त्या दुसऱ्या पट्टीचं कुठलंही टोक आणा, सुई आपली येतेच."

"मग चुंबक कोणता?"

"जो पळवतो तो!"

सूनबाईला त्या पोरीचा पापा घ्यावासा वाटला. तिनं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ओढणं ही खूण नाही. ढकलणं ही खूण. "साधं लोखंड सुईला फक्त ओढतं. ढकलतो तो फक्त चुंबक. आता होकायंत्रं घ्या आणि या खोलीत कुठे कुठे चुंबक लपलेत ते शोधून काढा. भांडायचं नाही."

झालं. सगळी पोरं उठली. कुणी खिडकीच्या गजाशी, कुणी कंपासपेटीशी, कुणी खुर्चीखाली. कपाटाच्या दाराशी सुई पळाली तेव्हा आतल्या खटक्यात चुंबक निघाला आणि वर्गानं आरोळी ठोकली.

त्याच वेळी दारात मामंजी उभे होते.

"मामंजी, तुम्ही?"

"शाळेची घंटा उशिरा होते," ते जरा ओशाळून म्हणाले. "म्हटलं बघून यावं. तुमच्या कचेरीतलं लंबकाचं घड्याळ मीच लावून दिलेलं आहे."

ते घड्याळ बघूनच ते वर आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्या घड्याळावर त्यांचा भरवसा होता, कारण त्याला त्यांनी उमेदीत हात लावला होता. आणि त्यानं त्यांच्या खिशातल्या घड्याळाला खोटं पाडलं होतं.

"निघतो मी. तुझा तास चालू दे."

पण चौकशीच्या हातात होकायंत्र होतं आणि समोर एक न तपासलेला माणूस होता. ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "आजोबा, हलू नका हं." तिनं होकायंत्र त्यांच्या पट्ट्यापाशी नेलं. सुई पट्ट्याच्या बकलाकडे गेली. "साधं लोखंड," ती म्हणाली. मग खिशापाशी नेलं. "आजोबा, खिशात काय आहे?"

"घड्याळ आहे, बाळ."

"बाहेर काढा ना."

मामंजींनी घड्याळ काढून तळहातावर धरलं. आता पुढे होऊन थांबवावं असं सूनबाईला वाटलं. पण तेवढ्यात सुई घड्याळाकडे आली. चौकशीनं होकायंत्र घड्याळाच्या दुसऱ्या बाजूला नेलं.

"पळाली!" तिनं टुणकन उडी मारली. "बाई, आजोबांचं घड्याळ चुंबक आहे!"

वर्गानं आरोळी ठोकली. मामंजी पहिल्या बाकावर, पोरांच्या त्या बुटक्या बाकावर बसले. "पुन्हा कर," ते म्हणाले. चौकशीनं पुन्हा केलं. सुई पुन्हा पळाली.

"असं कसं होईल?" ते स्वतःशीच बोलले. "घरात चुंबक नाही."

सगळा वर्ग बघत होता. सूनबाईनं पिशवीतून तो जाडजूड चुंबक काढला आणि मामंजींसमोर बाकावर ठेवला. ठेवताना घड्याळापासून हातभर लांब, एवढं भान तिला होतं.

"मी आणला होता, मामंजी. रविवारी. या तासाची तयारी करायला. रात्रभर पिशवी खिळ्याखाली राहिली." तिनं मामंजींकडे बघितलं. "माझं चुकलं. आईंच्या घड्याळाला माझ्यामुळे लागला."

मामंजींनी चुंबकाकडे बघितलं. घड्याळाकडे बघितलं. मग घड्याळ खाली ठेवून दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले, बोटं पसरून, जणू कुणीतरी नुकतेच परत आणून दिलेत.

"म्हणजे हे हात ठीक आहेत," ते म्हणाले.

"मामंजी..."

"चाकं ठीक होती. दाते ठीक होते. मी चार वेळा उघडून बघितलं गं. मला वाटलं, मला दिसेनासं झालंय. तिचंच घड्याळ मला बरं करता येईना, तर दुसऱ्यांची घड्याळं कशाला हातात घ्यायची?" त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. "कमानी चिकटलीय होय! एवढंच होय!"

सूनबाईला रडावं की हसावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. पोरांनी हे आधी कधी बघितलं नव्हतं. त्यांना चुंबकापेक्षा यातच जास्त रस वाटला.

"तुला कधी कळलं?" मामंजींनी विचारलं.

"सोमवारी सकाळीच."

"आणि आज शुक्रवार. मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही रागावला असतात."

"रागावलो असतो," मामंजी म्हणाले. "नक्की रागावलो असतो. पण म्हातारा तरी झालो नसतो."

चौकशीला मात्र वेगळीच चौकशी होती. "आजोबा, आता हे घड्याळ फेकून द्यायचं?"

"फेकून? थांब, तुला दाखवतो." आणि मामंजी उठून तरातरा घरी गेले. तास संपायच्या आत ते परत आले, तेव्हा त्यांच्या काखेत चुंबक उतरवायचा तो डबा होता. डब्यात तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि वर एक बटण. पोरांनी त्यांना गराडा घातला. ते घड्याळ वेटोळ्यात धरून त्यांनी बटण दाबलं आणि घड्याळ सावकाश, फार सावकाश, लांब नेत नेत हातभर दूर गेल्यावर बटण सोडलं.

"इतकं हळू का?" चौकशीनं विचारलं.

"ही तार चुंबकाला क्षणात इकडे, क्षणात तिकडे झुलवते. रडणाऱ्या बाळाला झोका देतो ना आपण? एकदम थांबवला तर ते पुन्हा रडतं. झोका हळूहळू कमी करत आणला की झोपतं. तसंच."

चौकशीनं होकायंत्र घड्याळाच्या दोन्ही बाजूंना नेलं. सुई जेमतेम डुलली, पळाली मात्र नाही. मामंजींनी घड्याळ कानाला लावलं आणि डोळे मिटले. मग ते सूनबाईच्या कानाला लावलं. टिकटिक आता सावकाश, नीट पावलं टाकत चालली होती.

दुसऱ्या दिवशी घरात हाहाकार झाला. आठवडाभर लवकर चालायची सवय लागलेलं सगळं घर वेळेवर उठलं आणि त्यामुळे प्रत्येकाला उशीर झाल्यासारखं वाटायला लागलं. नवरा एका पायात बूट घालून धावत सुटला. मालकानं त्याला विचारलं, बरं नाही का? दुकानाचं शटर पूर्ण वर गेलं, गजराचं घड्याळ घेऊन ती बाई पुन्हा आली, आणि महिनाअखेरीचा विषय कुणी काढला नाही. मामंजी आता घरच्या घड्याळाला किल्ली द्यायच्या आधी तेही होकायंत्रावरून नेतात. सूनबाईची पिशवी तर रोज दारातच तपासली जाते. आधी होकायंत्र, मग चहा.

काही दिवसांनी असंच एकदा मामंजींनी दुकानातून हाक मारली. ती गेली तर ते हात मागे बांधून उभे, आणि जमिनीकडे बघताहेत.

"सूनबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "पुन्हा पडला. स्क्रू." थोडं थांबून ते आणखी हळू बोलले, "तुझं ते जे आहे ना, ते आण."

"काय आणू?"

"ते ते. बाकावर ठेवलं होतंस ते."

शाळा जवळच होती. चुंबक शाळेच्या कपाटात होता. ती जाऊन येईपर्यंत नवऱ्यानं आणि मामंजींनी दुकानातलं प्रत्येक घड्याळ उचलून मागच्या खोलीत नेलं होतं. लहान, मोठी, चालणारी, बंद पडलेली, झाडून सगळी. दुकान इतकं गप्प कधीच नव्हतं. या खेपेस सूनबाई शहाणी झाली होती. तिनं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, गुडघ्यांवर बसली आणि टेबलाखालच्या फळ्यांवरून सावकाश फिरवायला लागली. टिक. टिक टिक. फटींतून काहीतरी वर उडत होतं. टेबलाच्या पुढच्या पायापर्यंत जाऊन तिनं चुंबक उचलला तर त्याला दाढी आली होती. किसाची नव्हे. स्क्रूंची. तिळाएवढे, खसखशीएवढे, काही चकचकीत, बरेचसे गंजलेले. तुटके काटे. कमानीचे तुकडे.

पिशवी उलटी करून तिनं चुंबक बाहेर ओढला आणि ते सगळं कागदावर पडलं. मामंजींनी भिंग लावलं आणि एकेक स्क्रू चिमट्यानं उचलून बघायला लागले.

"हा आजचा," ते म्हणाले. "हा त्या बुधवारचा. आणि हा..." त्यांनी तो दिव्याकडे धरला. "या स्क्रूचं घड्याळ तर बनायचं बंद होऊनही जमाना झाला. हा स्क्रू मी पाडला तेव्हा तुझ्या नवऱ्याचा जन्म व्हायचा होता. आणि हा त्याच्याही आधीचा. तुझी सासू काहीतरी कारण काढून दुकानात येऊन बसायची. तेव्हाचा."

"म्हणजे तेव्हाही पडायचे?" सूनबाईनं विचारलं.

मामंजींनी भिंग काढलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

"तेव्हाच तर जास्त पडायचे गं," ते म्हणाले. "ती समोर बसलेली असायची ना."